अंगदचा डबा

१

आंबीखेडला रेल्वे स्टेशन आहे हे हल्ली लोकांना सांगावं लागतं. पूर्वी लागत नव्हतं. गुरुवारच्या बाजाराला लिंबाची पोती, गुळाच्या ढेपा, शेळ्या-मेंढ्या, सगळं ह्याच फलाटावर उतरायचं आणि ह्याच फलाटावरून चढायचं. इंग्रजांच्या काळातली काळ्या दगडाची इमारत, वर कौलं, आत एक तिकीट खिडकी आणि तिच्यासमोर लांब लाकडी बाक. आता तिच्या शेजारी नवी इमारत झाली. दुसरा रूळ पडला, वर विजेच्या तारा आल्या, फलाट उंच केला, गुळगुळीत फरशी घातली. एवढं सगळं केलं आणि गाड्या थांबायच्या बंद केल्या. पाहुण्याला पाट मांडायचा, रांगोळी काढायची आणि आतून कडी लावून बसायचं, असला हा कारभार. मला राग येतो म्हणून बोलतो. नाहीतर माझं कोण ऐकतंय.

माझं नाव मच्छिंद्र. स्टेशनाच्या फाटकाशी, चिंचेखाली माझी चहाची टपरी आहे. वडिलांचीच. त्यांच्या वेळी मालगाडीला लिंबाची वाघीण जोडायची असली की गाडी रेंगाळायची आणि त्यांच्या किटलीला उसंत नसायची. माझ्या वेळी एकेक गाडी कमी होत गेली. लॉकडाऊनमध्ये तर सगळ्याच बंद पडल्या. नंतर दोन पॅसेंजर तेवढ्या परत आल्या, सकाळची नगरला जाणारी आणि संध्याकाळची तिकडून येणारी.

ह्या पॅसेंजरनं आमच्या गावचे डबे जायचे. कुणाचा पोरगा नगरला शिकायला, कुणाचा तिथल्याच नागापूरच्या एमआयडीसीत कामाला. आया पहाटे उठून भाकऱ्या थापायच्या, डबा फडक्यात बांधायच्या आणि बापानं किंवा भावानं तो गाडीत चढवायचा. खिडकीवरच्या हुकाला अडकवला की झालं. रोजच्या अप-डाऊनवाल्यांचं लक्ष असायचं. नगरला पोरगा यायचा, आपल्या फडक्याचा रंग ओळखून डबा काढून घ्यायचा, आणि संध्याकाळी रिकामा डबा तसाच हुकाला लटकून घरी यायचा. कधी कुणाचा डबा हरवला नाही. खरं सांगतो, माणसं हरवली, डबे नाही हरवले.

आमच्या डब्याचं फडकं पिवळं होतं. आमचा अंगद नागापूरला एका शेडमध्ये लोखंड तासायच्या लेथवर होता. खोली करून राहायचा, पण बाहेरचं त्याला पचायचं नाही. रात्रपाळी सुटली की मोटारसायकलवर स्टेशनला यायचा, डबा घ्यायचा, तिथंच बाकावर बसून जेवायचा आणि नळावर डबा धुऊन ठेवायचा. धुतलेलं पाणी झाडाच्या बुडाशी ओतायचं, ही त्याच्या आईची शिकवण. दुसरी शिकवण म्हणजे भांडं रिकामं परत धाडायचं नाही. मग तो काहीतरी टाकायचा. कधी पेरू, कधी चिक्की, नाहीतर चहावाल्याकडून मागून घेतलेली चिमूटभर साखर. त्याची आई चांगुणा ती साखर जिभेवर ठेवायची आणि म्हणायची, "जेवलं बरं का माझं लेकरू."

एकुलता एक होता. लाडाचा होता, हे कशाला लपवू.

२

गेल्या हंगामात पहाटेच्या धुक्यात अंगद डबा घ्यायला स्टेशनाकडं निघाला होता. पुढं उसाची ट्रॉली चालली होती, मागं दिवा नाही, लाल फडकंसुद्धा नाही. जागेवरच गेला. आम्हाला फोन आला तेव्हा सकाळची पॅसेंजर निघून गेली होती आणि डबा तिच्यात होता. मीच चढवला होता. मेथीची भाजी, शेंगदाण्याची चटणी आणि भाकऱ्या.

राख सावडून आलो त्या दिवशी टपरी उघडली. उघडायची म्हणून नाही, घरात बसवेना म्हणून. फळीवर पिवळ्या फडक्यातला डबा होता. ज्योतीनं ठेवला असणार. ज्योती म्हणजे आमच्या गल्लीतली मुलगी, नगरला कापडाच्या दुकानात कामाला जाते, रोज त्याच बोगीत बसते. मी डबा उघडला. स्वच्छ धुतलेला होता, तळाशी चिमूटभर साखर होती. मी झाकण लावलं आणि डबा घरी नेला. त्यात काही वावगं आहे हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. रोज तसाच तर यायचा.

दहाव्याला नदीवर गेलो. पिंड ठेवले, बाजूला झालो. कावळा शिवेना. समोरच्या बाभळीवर बसलेले सगळे, पण एक खाली येईना. ऊन वर चढलं, भटजी घड्याळ बघायला लागले. माझा मेहुणा सहादेव जवळ आला आणि म्हणाला, "दाजी, पोराचं कशात तरी मन अडाकलंय. बोला काहीतरी. तुमीच बोला."

मी पुढं झालो, हात जोडले. म्हणालो, "अंगद, तुझ्या आईला मी सांभाळीन. तिची काळजी करू नको." कावळे बसले होते तसेच बसले. मी म्हणालो, "शेत पडीक पडू देनार न्हाई." काही नाही. मग मनात नसताना तोंडातून निघून गेलं, "बाळा, तुझा डबा बंद करनार न्हाई."

वाक्य पुरतं व्हायच्या आत कावळा खाली आला.

लोकांनी सुस्कारा टाकला, भराभर आंघोळीला गेले. मी तिथंच उभा राहिलो. आईला सांभाळतो म्हटलं तेव्हा तो आला नाही, एवढंच माझ्या डोक्यात घुमत होतं.

३

तोवर चांगुणा नुसती पडून होती. पाणी पाजलं तर प्यायची. मी नदीवर काय बोललो ते तिला सहादेवनं सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मला भाकरी थापल्याचा आवाज आला. तुम्हाला सांगतो, तो आवाज ऐकून मी पांघरुणात तोंड घालून रडलो. बाई उठली. चुलीपाशी बसली. आता हिला कशाला आडवं जायचं. मी डबा घेतला आणि स्टेशनवर गेलो.

ज्योती खिडकीत होती. तिनं डबा बघितला, माझ्याकडं बघितलं. "काका, कुनाला देऊ?"

"कुनाला देऊ नको. हुकाला अडकव फक्त."

तिनं डबा हुकाला अडकवला. पोर शहाणी आहे.

संध्याकाळी डबा आला. धुतलेला, तळाशी साखर. मी म्हटलं, चला, कुणा भुकेल्याच्या पोटात गेलं. स्टेशनवर काय कमी लोक असतात. असला एखादा गरीब, त्यातल्या त्यात रीतभात असलेला. मी स्वतःशी हेच म्हणत राहिलो. चांगुणानं साखर जिभेवर ठेवली, पण नेहमीचं वाक्य म्हणाली नाही. नुसती हसली. ते हसणं बघून मला बरं वाटलं पाहिजे होतं.

एकदा ज्योतीला विचारलं, "घेतं कोन गं डबा?"

"मी बघितलंच न्हाई कधी, काका. मी उतरते तवा डबा हुकाला आसतो. परत येताना बसते तवाबी आसतो, पर रिकामा. मधी काय हुतं मला ठावं न्हाई." मग म्हणाली, "अंगददादा गेला त्या दिवशी मी लई घाबरले हुते. बातमी कळलेली, आनि संध्याकाळी डबा हुकाला बघितला. हातात घेतला तर हलका लागला."

मी चहा ओतत होतो, तो कपाबाहेर गेला. त्या दिवशी ट्रॉलीला धडकला तेव्हा गाडी आमच्या स्टेशनातसुद्धा आली नव्हती. डबा नगरला पोचला तेव्हा अंगद सरकारी दवाखान्यात चादरीखाली होता. मग त्या दिवशी कोण जेवलं, आणि साखर कुणी टाकली. एका दिवसात कुण्या गरिबाला आमच्या घरची रीत कशी काय कळली.

४

माणसाचं डोकं लई हुशार असतं. नको ते दिसलं की दुसरीकडं बघायची वाट काढतं. मी वाट काढली. म्हटलं अंगदच्या ओळखीचा कुणी दोस्त असेल, त्याला रीत माहीत असेल, पोराच्या आठवणीनं करत असेल. चांगला विचार होता. दोन-तीन आठवडे टिकला.

मग चांगुणा बोलायला लागली. "आज चटनी तिखट झाली म्हने." किंवा, "वांगं नको म्हनतोय, घशाला खाजतं." मी विचारायचो, कोण म्हणतंय, तर माझ्याकडं असं बघायची की मीच येडा. डबा आला की ती तो लगेच उघडायची नाही. आत घेऊन जायची, भिंतीकडं तोंड करून बसायची, मग झाकणाचा आवाज यायचा. त्या आवाजाच्या आधी बराच वेळ काही आवाज यायचा नाही. मला तेच सोसायचं नाही.

एका संध्याकाळी साखरेत लोखंडाची बारीक कुरळी साल निघाली, लेथवर निघते तशी. माझ्या डोळ्यांसमोर निघाली. चांगुणानं ती बोटावर घेतली, पुसली आणि देव्हाऱ्यात ठेवली.

ह्याहून वाईट गोष्ट मला उशिरा कळली. ती जेवत नव्हती. मी टपरीवर असायचो, मला वाटायचं आधीच जेवली असेल. ती फक्त डब्यातली साखर खायची. दुसरं काही चाखलं की थुंकायची, माती लागते म्हणायची. एक दिवस तिला उठायला हात दिला आणि तिचं काहीच वजन लागलं नाही. बांगड्या कोपरापर्यंत चढवून ठेवल्या होत्या, नाहीतर गळून पडायच्या. मी डॉक्टरकडं नेली, सलाईन लावलं, सुई काढल्या काढल्या ती म्हणाली, "चला लवकर, गाडी यायची येळ झाली."

मी त्या दिवशी ठरवलं. पोरगा गेला तो गेला. बायको मी जाऊ देणार नाही.

५

डब्याबरोबर मीच गेलो. ज्योतीच्या समोर बसलो. डबा हुकाला हलत होता. गाडीत उन्हं आली होती, लोक मोबाईल बघत होते, एक बाई कोथिंबीर निवडत होती. ह्यात भ्यायचं काय, असं मी मनाला म्हणत होतो. सारोळा गेलं, नगर आलं. सगळे उठले. दाराशी गर्दी झाली, एका माणसाचं पोतं मधे आलं, मी मान वाकडी करून बघितलं. हूक रिकामा होता.

मी उडी मारूनच उतरलो. फलाटाच्या टोकाला, जिथं पत्रा संपतो आणि झाडं आहेत, तिथं नळ आहे. तिथं एक जण पाठमोरा उभा होता. करडा शर्ट, पाठीला चिकटलेला. डावा खांदा पडलेला. अंगदचा तसाच होता, लहानपणी झाडावरून पडल्यापासून. तो डबा धूत होता. घाई नव्हती त्याला. झाकण धुतलं, कडेनं बोट फिरवलं, आणि वाकून पाणी झाडाच्या बुडाशी ओतलं.

मला सगळं कळलं. दोस्त नाही, भिकारी नाही. इतकी लोकं इकडून तिकडं जात होती, पण त्याच्या आजूबाजूला कुणी जात नव्हतं. नळावर यायचे, थबकायचे आणि दुसरीकडं वळायचे. कुत्रंसुद्धा लांबून गेलं.

मला हाक मारायची होती. त्याला जाऊन नऊ महिने होत आले होते, रोज मनातल्या मनात हाका मारत होतो, आणि आता दहा पावलांवर तो होता. हाक मारली असती तर तो वळला असता. आणि वळला असता तर त्याचं तोंड दिसलं असतं. ट्रॉलीला धडकलेलं. मी दवाखान्यात चादर वर करू दिली नव्हती, सहादेवनं ओळख पटवली होती.

मी हाक नाही मारली. मी मागं सरत सरत जिन्यापर्यंत आलो आणि बाहेर पडून एसटीनं घरी आलो. पोटच्या पोराला मी भ्यालो. बाप म्हणवतो आणि हे केलं.

६

मग रेल्वेनंच निकाल लावला. आंबीखेडचा थांबा रद्द, पॅसेंजर पण आता सुसाट जाणार. गावात बोंबाबोंब झाली. निवेदनं दिली, दोन-चार पुढारी फलाटावर बसून फोटो काढून गेले. मीही आरडाओरड्यात होतो. पण खरं सांगू का, आतून मला सुटल्यासारखं झालं होतं. गाडीच नाही म्हटल्यावर डबा कसा जाईल. शब्द मी मोडला नाही, सरकारनं मोडला.

चांगुणाला सांगितलं. मला वाटलं ती ऊर बडवील. ती पीठ चाळत होती, चाळतच राहिली. म्हणाली, "कबूल तुमी केलं हुतं. मग तुमीच सांगा त्याला. निरोप धाडू नका, तोंडानं सांगा."

शेवटच्या दिवशी सकाळी ती मला फाटकापर्यंत पोचवायला आली. एवढ्याशा चालण्यानं तिला धाप लागली. ज्योतीनं मला खिडकीशी जागा दिली. मी डबा हुकाला लावला नाही, मांडीवर ठेवला. गरम होता.

नगरला उतरलो. नळापाशी सिमेंटचं बाकडं आहे, त्यावर बसलो, नळाकडं पाठ करून. डबा शेजारी ठेवला. रुळांकडं बघत राहिलो. पत्र्यावर कबुतरं घुमत होती, मग ती गप झाली. मागं नळ सुटला.

मी म्हणालो, "अंगद, मी आलोय. मागं बघत न्हाई मी. माझ्यात तेवढी हिंमत न्हाई, बाळा, राग मानू नको."

नळ वाहत होता.

"उद्यापासनं आपल्याकडं गाडी थांबनार न्हाई. डबा येनार न्हाई. मी शब्द दिल्ता, पर गाडीच न्हाई तर मी काय करू. तू आता जा. आईला सोड. ती लई वाळलीय रे. मला तेवढीच उरली हाय."

नळ बंद झाला. लोखंडाचा, मशिनच्या तेलाचा वास आला, त्याच्या कपड्यांना यायचा तसाच. बाकडं जरासं दबलं. मी डोळे मिटले नव्हते, पण मान वळवली नाही. डोळ्याच्या कोपऱ्यातून फक्त हात दिसला. पाण्यात फार वेळ राहिल्यासारखी पांढरी, सुरकुतलेली बोटं. त्या हातानं डबा उचलला नाही. हळूच माझ्याकडं सरकवला. लहानपणी रुसला की ताट असंच सरकवायचा.

मी किती वेळ बसलो ठाऊक नाही. मान वळवली तेव्हा बाकावर ओल होती आणि डबा होता. भरलेला.

७

संध्याकाळच्या गाडीनं परत आलो. आमच्या स्टेशनात थांबणारी ती शेवटची. कुणीतरी इंजिनाला हार घातला होता. मी डबा छातीशी धरून घर गाठलं.

चांगुणानं डबा हातात घेतला आणि वजनावरूनच तिला समजलं. उघडला. भाकरी घडी घातलेली तशीच, भाजीला बोट लागलेलं नाही. सकाळचं अन्न, पण त्यातून वाफ येत होती.

"जेवला न्हाई," ती म्हणाली.

"त्याला कळलं गं," मी म्हणालो. "रुसला आसंल, पर कळलं. आता संपलं हे. तू दोन घास खा. माझ्यासाठी खा."

"तुमी जरा पानी आना बाहेरनं."

मी रांजणापाशी गेलो. तांब्या बुडवला. आत ती बोलत होती. शब्द ऐकू येत नव्हते, आवाज तेवढा येत होता, हलका, समजावणीचा. तान्ह्या पोराला पाजताना बोलायची तसा. मग ती गप्प झाली. मी तांब्या घेऊन आत आलो. चांगुणा हात जोडून बसली होती, आणि तिच्यापुढं डबा होता. रिकामा. धुतल्यासारखा लख्ख. ह्या वेळी तळाशी साखर नव्हती.

माझ्या हातातून तांब्या सुटला. "चांगुणे, काय कबूल केलंस त्याला?"

ती हसली. पदरानं जमिनीवरचं पाणी टिपलं. "भूक लागलीय मला. तुमाला न्हाई लागली?"

आणि ती जेवली. कित्येक महिन्यांनी, माझ्या शेजारी बसून, कांदा फोडून, बोटं चाटत जेवली. मला आनंद व्हायला हवा होता. मी पुन्हा विचारलं, ती म्हणाली, जेवताना बोलू नये. जेवण झाल्यावर तिनं मला फडताळ दाखवलं. तिखट कुठल्या डब्यात, हळद कुठल्या, पापड कुठं बांधून ठेवलेत. दळण कुणाकडं टाकायचं, दूधवालीला काय सांगायचं. मी म्हणालो, मला कशाला सांगतेस हे, तू आहेस की. तिनं परात ओढली, पीठ घेतलं, पाणी घातलं आणि माझे दोन्ही हात धरून परातीत ठेवले.

"मळा. जोर लावा. आता गोळा करा. थापताना कडंनं बोटं फिरवायची, मधी न्हाई."

मी थापत होतो. कडा फाटत होत्या. तिच्या बांगड्या मनगटावर आल्या होत्या, त्यांचा आवाज माझ्या कानाशी होता. मी काकुळतीला आलो. म्हणालो, "जाऊ नको गं. त्याला सांग, बाप एकटा हाय म्हनावं."

"माझ्याकडं काय बघताय," ती म्हणाली. "परातीकडं बघा. पुन्हा कोन दाखवनार न्हाई."